तुमच्याआधी घरी येणारी

अहो, तुमचंच म्हणणं खरं निघालं. आणि ते ऐकायला तुम्ही नाही आहात, याचा मला इतका राग आलाय की काय सांगू. लग्नापासून आपण ज्या ज्या गोष्टींवरून वाद घातले, त्यातले बहुतेक मी जिंकले, निदान तशी माझी समजूत आहे. हा एक वाद तेवढा मिटला नव्हता. आता मी हरले आहे, आणि हरले म्हणून तोंड पाडून बसावं तर समोर चिडवायला कुणी नाही.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. शारजाच्या मंडळाने शोकसभा घेतली. तुमचं गाव, शिक्षण, टाइल फॅक्टरीतली नोकरी, गणपतीतली लायटिंगची धावपळ, सगळं सांगून झालं. श्रीकांत म्हणजे अत्यंत शांत माणूस, कधी कुणाशी वाद नाही, असं एकामागून एक लोक सांगत होते. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, यांनी एखाद्या शुक्रवारी सकाळी आमच्या घरी यायला हवं होतं.

त्यांना जे माहीत नव्हतं तेवढंच मला लिहायचं आहे. तुम्ही रोज संध्याकाळी घरी दोनदा यायचात. हे मी त्या हॉलमध्ये माइकवर सांगितलं असतं, तर बायकांनी मला हाताला धरून खाली बसवलं असतं.

रास अल खैमाच्या या फ्लॅटमध्ये आपण आलो तेव्हा सई बालवाडीत होती. कुवेतची लढाई नुकतीच संपली होती, फॅक्टरीत नवी मशिनं येत होती, आणि इंजिनियर असून वर जर्मन येतं म्हणून तुमची वर्णी लागली होती. पहिल्याच हिवाळ्यात मला ते जाणवलं. संध्याकाळी लिफ्टचं दार खडखडायचं, कॉरिडॉरमधून तुमचे सेफ्टी शूज घासत यायचे, मग किल्ल्यांचा जुडगा, मग दाराबाहेर तुमचं ते घसा खाकरणं. मी चहा टाकायचे आणि दार उघडायचे. बाहेर कुणी नसायचं. चहा उकळून होत आला की खाली कंपनीची बस थांबायची, आणि मग तेच लिफ्टचं दार, तेच शूज, त्याच किल्ल्या, तेच खाकरणं, आणि या वेळी खरोखरचे तुम्ही. सईला यातलं काही ऐकू यायचं नाही. टीव्ही बंद करून कान देऊन बसवलं तरी यायचं नाही.

मी पडले मानसशास्त्रात एम.ए. केलेली बाई, इथल्या इंडियन स्कूलमध्ये कौन्सेलर. शाळेतल्या एखाद्या मुलाने असं काही सांगितलं असतं तर मी त्याला जे समजावलं असतं, तेच स्वतःला समजावलं आणि विषय संपवला. तुम्हाला सांगितलं तेही गंमत म्हणून, डीटर जेवायला आला होता त्या दिवशी.

डीटर म्हणजे तुमच्या फॅक्टरीत टाइल दाबायची मोठी प्रेस बसवायला जर्मनीहून आलेला फिटर. उंच, उन्हाने लाल झालेल्या कानांचा, पिठलं-भाकरी काट्याने खाणारा. मी त्याला म्हटलं, "युवर फ्रेंड कम्स होम टू टाइम्स, एव्हरी डे." तो हसेल असं वाटलं होतं. त्याने काटा खाली ठेवला.

"इन माय ग्रँडमदर्स हाउस, इट वॉज नॉर्मल," तो म्हणाला. "शी हिअर्स ग्रँडफादर, शी पुट्स द कॉफी. देन ही कम्स."

आजी नॉर्वेची होती. तिच्या मच्छीमारांच्या गावात जुनी माणसं सांगायची की प्रत्येकाबरोबर जन्मापासून कुणीतरी असतं. कधी बाई, कधी एखादं जनावर. एरवी ती मागून चालते, पण माणूस घराकडे निघाला की पुढे होते आणि त्याच्याआधी दारात पोचते. तिकडे चर्च येण्यापूर्वीच्या काळात तिला फिल्ग्या म्हणायचे, म्हणजे सोबत चालणारी. त्या लोकांच्या लेखी माणसाचा आत्मा एकसंध नव्हताच. बरेच जण मिळून एक माणूस व्हायचा, आणि त्यातली ही एक.

तुम्ही मला विचारलंत, "वसू, हिला मराठीत काय म्हणशील?"

मी भात वाढत होते. विचारही न करता म्हटलं, "पाठराखीण."

तुम्ही खुर्चीतून उठलातच. मग डीटरला तुम्ही आपली पाठराखीण समजावून सांगितलीत. नवी नवरी सासरी जाते तेव्हा एकटी जात नाही, माहेरची एखादी बाई तिच्याबरोबर जाते, चार दिवस राहते, तिला तिथे रुळवते आणि मगच परत फिरते. माझ्याबरोबर साताऱ्याला आत्या आली होती. मला वांगं आवडत नाही हे तुमच्या आईला तिनेच सांगितलं होतं, मला सांगावं लागू नये म्हणून. ती परत गेली त्या दिवशी मी तुमच्या परसात जाऊन जी रडले, तेवढी मांडवातही रडले नव्हते. तुम्ही मागून येऊन रुमाल दिलात आणि म्हणालात, "आता मी आहे ना." तुमच्यावर तेव्हा माझा काडीचाही विश्वास नव्हता.

तेव्हापासून त्या आवाजाचं नाव पाठराखीण पडलं. डीटर परत गेल्यावर तुम्ही त्याच्याकडून पुस्तकं मागवायला लागलात. शुक्रवारी सकाळी सोफ्यावर मांडी घालून वाचायचात, आणि मी समोर मेथी निवडत खोडून काढायचे. दुपारच्या नमाजाची बांग झाली की वाद तहकूब आणि जेवण. कित्येक वर्षं आपला शुक्रवार असाच गेला. लोक क्रीकवर जायचे, सिटी सेंटरला जायचे, आपण दोघं हजार वर्षांपूर्वीच्या थंड देशातल्या लोकांच्या आत्म्यांवरून तोंडाला तोंड देत बसायचो. सई कानात वॉकमन घालून जाता जाता म्हणायची, "व्हायकिंग्ज अगेन? सिरियसली?"

तुम्हाला सगळ्यात आनंद झाला तो उचकीचा. त्या लोकांच्यात मनाला हुग म्हणायचे, आणि हा हुग डोक्यात बसून राहणारा नव्हता. कुणी तुमची तीव्र आठवण काढली की त्याचा हुग निघून तुमच्यापर्यंत पोचायचा, आणि तुम्हाला शिंक यायची, तळवा खाजायचा नाहीतर उचकी लागायची. तुम्ही पुस्तक बाजूला टाकून टाळी वाजवलीत. "वसू, उचकी! अगं, यांच्याकडेपण उचकी!"

"पोटाचा पडदा आखडतो, त्याला उचकी म्हणतात," मी म्हटलं.

"आणि आई तिकडे आठवण काढते तेव्हाच बरा आखडतो?"

"आईंना फोन करून विचारलंत का कधी, आत्ता आठवण काढलीत का म्हणून?"

"फोन कशाला करायचा? उचकी लागली म्हणजे निरोप पोचला," तुम्ही म्हणालात आणि पाणी प्यायलात.

आणि तो हाम. हाम म्हणजे अंगावर चढवायचं रूप, कातडं म्हणा. त्यांच्यातले काही लोक लांडग्याचं कातडं पांघरून लढायला जायचे आणि लांडगेच होऊन बसायचे. मी म्हटलं, यात नवीन काय, आमच्यात याला मुखवटा म्हणतात. जगात वावरायला माणूस एक चेहरा तयार करतो. तो काढता येतो तोवर ठीक, कातडीला चिकटला की माझ्यासारखीकडे यावं लागतं. तुम्ही तेव्हा पुस्तक मिटून टाकलंत. मला कारण माहीत होतं. फॅक्टरीच्या फॅमिली डेला मी तुम्हाला शॉपफ्लोअरवर बघितलं होतं, डोक्यावर पांढरं हेल्मेट, कमरेवर हात, "यल्ला, यल्ला, जल्दी! खाना खाने आये हो क्या इधर?" ती माणसं तुमच्यासमोरून भिंतीला चिकटून जात होती. घरी झुरळाला घाबरणारा माझा नवरा तो हा नव्हेच. परत येताना कंपनीच्या बसमध्ये तुम्ही म्हणालात, "तो हाम होता गं. गेटवर टांगून येतो मी." आणि खिडकीबाहेर बघत पुन्हा म्हणालात, "रोज टांगून येतो ना?" मी हो म्हटलं, आणि ते खरं होतं.

आपला खरा वाद कुठे होता, हे मला आता स्वच्छ दिसतं. माणसाच्या आत अनेक जण राहतात हे तुम्हालाही मान्य होतं, मलाही. नेणिवेचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वप्नं तपासून तपासून तेच सांगितलं. तिथे एक सावली असते, जे आपल्याला स्वतःचं म्हणून नको असतं ते ती सांभाळते. पुरुषाच्या आत एक बाई असते, ती त्याला वाट दाखवते. आई-वडिलांचं जगायचं राहून गेलेलं मुलांमध्ये उतरतं. तुम्ही म्हणायचात, तुमच्या डॉक्टरांनी दवाखान्यात बसून जे काल-परवा शोधलं, ते माझ्या मच्छीमारांनी चुलीपाशी बसून कधीच ओळखलं होतं. मी म्हणायचे, मान्य, पण त्यांनी ते बाहेर उभं केलं आणि आम्ही आत. तुमची पाठराखीण कॉरिडॉरमधून चालत नाही, ती माझ्या डोक्यात चालते.

"असेल," तुम्ही म्हणायचात. "पण चालते ना?"

एक मात्र आहे. तुम्ही या सगळ्याने कधी वाहवत गेला नाहीत. डीटरने जाताना सांगितलं होतं की त्याच्या देशात काही दुष्ट माणसांनी या जुन्या गोष्टी उचलून त्यांचे झेंडे केले आणि त्याची केवढी किंमत लोकांनी मोजली. "माय ग्रँडमदर नीडेड नो फ्लॅग. ओन्ली कॉफीपॉट," असं तो म्हणाला होता. त्यानंतर कुणाशीही हा विषय निघाला की तुम्ही आधी ते सांगायचात, आणि मग आजीवर यायचात.

माझा आवाजाबद्दलचा युक्तिवाद तुम्हाला पाठ होता. बस लांबच्या राउंडअबाउटला वळते, कानाला कळत नाही पण मेंदूला कळतं, आणि वाट बघणारा मेंदू पुढचं सगळं स्वतःच ऐकवतो. तुम्ही म्हणायचात, मी टॅक्सीने भलत्या वेळी यायचो तेव्हा? मी म्हणायचे, तेव्हाच्या चुकलेल्या वेळा आपण विसरतो. शेवटी एकदा दिवाळीत तोंडात शंकरपाळा घोळवत तुम्ही म्हणालात, "सोपं आहे. मी मेल्यावर बघ. तुझ्या म्हणण्याप्रमाणे आवाज येतच राहायला हवा. इतक्या वर्षांची सवय काय लगेच जाते? आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे बंद होईल. जो यायचाच नाही त्याच्यापुढे कोण कशाला चालेल?"

"सणासुदीला अभद्र बोलू नका," मी म्हटलं होतं.

बंद झाला, अहो. पूर्ण बंद झाला.

तुम्हाला घेऊन मी मुंबईला उतरले, तिथे कार्गोत दोन कागदांवर सह्या करायला उभी होते, तेव्हाही माझे कान तिकडेच होते. तुम्ही येतच होतात ना, विमानातून का होईना, माझ्यापाठोपाठ येत होतात. ट्रॉली ढकलत माणसं आली आणि तिच्यावर ती लांब पेटी. तिच्यापुढे कुणीच आलं नाही. मला तिथेच उमगलं होतं, पण मी ते स्वतःला कळू दिलं नाही. साताऱ्याला आई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "उन्हाचं आणलंस का गं त्याला?" आणि मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडले.

सई रडली नाही. एअरपोर्टवर नाही, साताऱ्याला नाही, परत येतानाही नाही. मार्चमध्ये तिची बारावीची परीक्षा, म्हणून आम्ही तेरावं करून परत आलो. काही विचारलं की "आय अ‍ॅम फाइन", जेवायला बोलावलं की "इन अ मिनिट", आणि खोलीचं दार बंद. रोज दुसऱ्यांच्या मुलांना बोलतं करणारी मी, पोटच्या मुलीच्या बंद दाराबाहेर उभी राहायचे आणि परत फिरायचे.

मग संध्याकाळी दाराजवळ खुर्ची घेऊन बसायचे. हिवाळ्यामुळे एसी बंद, खिडक्या उघड्या, कॉरिडॉरमध्ये मांजर चाललं तरी ऐकू यावं. बस यायची. अकाउंट्समधला वर्गीस उतरायचा, त्याच्या पायांचा आवाज तिसऱ्या मजल्यावर थांबायचा. आणि मग काही नाही. मी शाळेत किती जणांना सांगितलंय, बाबांचा आवाज ऐकू आला तर घाबरू नकोस, सगळ्यांना येतो, काही दिवसांनी जातो. मी तेच मागत होते. जे सगळ्यांना येतं ते. एकदा लिफ्टचं दार, एकदा किल्ल्या. माझ्या शास्त्राने मला तेवढंही दिलं नाही. मला भास झाला असता तरी मी तो डोक्यावर घेऊन नाचले असते.

त्या शेवटच्या शुक्रवाराबद्दल मी कुणाशी बोललेली नाही. तुम्ही खालच्या बेकरीतून गरम रोट्या, खुबूस, घेऊन आलात, आत आलात आणि तसेच उभे राहिलात. म्हणालात, "गंमत झाली. दाराबाहेर आलो तर आतून मला माझंच हसणं ऐकू आलं." मग स्वतःच सांगितलंत की त्या लोकांच्यात आपली फिल्ग्या आपल्यालाच दिसली की समजायचं, आता संपत आलं. आणि मी म्हटलं की आमच्यात नेमकं उलट आहे. माणसाची स्वतःशी गाठ पडणं हे उतारवयातलं सगळ्यात मोठं काम, ते फार थोड्यांना साधतं.

"मग माझं काय झालं समजायचं? काम की मरण?"

"आधी ती खुबूस आत ठेवा, गार होतायत."

तुम्ही हसलात. बाकीचं पुढच्या शुक्रवारी बोलू म्हणालात. त्या आठवड्यात, भर दुपारी, प्रेसच्या बाजूच्या स्टुलावर तुम्ही बसलात आणि उठलाच नाहीत. मला त्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही. कदाचित तुमचे ते जुने लोक आणि आमचे डॉक्टर एकाच गोष्टीकडे बघत होते, एक पुढून आणि एक मागून. हे तुमच्याशी बोलल्याशिवाय मला ठरवता येत नाही, आणि यापुढे काहीच ठरवता येणार नाही असं वाटतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. पाठराखीण येऊन गेली की तुम्ही येईपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात मी काय करायचे ते तुम्हाला माहीत नव्हतं. मी तोंड धुवायचे. केस सारखे करायचे, गाऊन बदलून ड्रेस घालायचे, शाळेतली कटकट बेसिनमध्ये सोडून द्यायचे. तुम्हाला वाटायचं, वसू दिवसभर अशीच टवटवीत असते. माझ्या दिवसातली ती सगळ्यात सुखाची मिनिटं होती. तुम्ही सुखरूप आहात, निघाला आहात, येताय, हे कळलेलं असायचं. मी शास्त्राने वाद घालायचे आणि कानाने निर्धास्त व्हायचे. तुमच्याशी भांडता यावं म्हणून मी हे कधी बोलले नाही, आणि तुमच्याशी भांडायला मला किती आवडायचं तेही नाही.

आता घराचं. विसा तुमच्या नोकरीवर होता, तो रद्द होणार. कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणारा पीआरओ हसन घरी आला होता. बिचारा बूट काढून दाराशीच बसला. "मॅडम, आय डू स्लोली स्लोली. बेबी फिनिश एक्झाम, देन वी सी, इन्शाल्ला." शाळेने मात्र मला सांगितलं की हवं तर आम्ही तुमचा विसा काढतो, राहा इथेच. घरमालकही फ्लॅट द्यायला तयार होता. सईला पुण्याच्या कॉलेजात जायचंय, तिथे मावशी आहे. तिने मला विचारलं, "आई, व्हॉट एक्झॅक्टली आर वी वेटिंग फॉर?" मी तिला काय सांगणार? आवाज आलाच तर याच कॉरिडॉरमध्ये येईल, पुण्याला त्याला पत्ता कोण देणार, म्हणून तुझी आई हलत नाहीये, हे सांगू? मी म्हटलं, बघू.

तुम्ही एकदा खोर फक्कानच्या वाटेवर, डोंगरात गाडी चालवताना मला सांगितलं होतं. माणूस मेला की त्याची फिल्ग्या त्याच्याबरोबर जात नाही. ती घरातल्या कुणापुढे तरी येऊन उभी राहते आणि विचारते, मला ठेवशील का? कुणीतरी हो म्हणावं लागतं. मी तेव्हाही माझंच दळण दळलं, आमच्यातही म्हणतात की आई-बापांचं दुखणं मुलांकडे जातं. तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता म्हणालात, "दुखणंच का फक्त? सोबत नाही का जाणार?"

परवा शाळा सुटल्यावर मी, इथेच राहायचं ठरवलंय हे सांगायला ऑफिसात गेले. सांगून टाकणार होते, विसा काढा. प्रिन्सिपलबाई मीटिंगमध्ये होत्या, बसून बसून उशीर झाला, त्या मोकळ्या होईनात. शेवटी उद्या येते सांगून निघाले तर टॅक्सी मिळेना. बिल्डिंगपाशी उतरले तेव्हा दिवे लागून गेले होते. वॉचमन गुलखान धावत आला.

"मॅडम, आप अभी आया?"

"हाँ, अभी आयी. क्यों?"

"बच्ची बहुत बार नीचे आया. बोलता है, मम्मी ऊपर आया, दरवाजे तक आया, फिर किधर गया? हम बोला बेटा, मम्मी नहीं आया. वो मानता नहीं है. चप्पल भी नहीं पहना है."

मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेले. दार सताड उघडं होतं, आणि सई अनवाणी कॉरिडॉरमध्ये उभी.

"व्हेअर वेअर यू?" ती किंचाळली. "यू केम! आय हर्ड यू, आई. द लिफ्ट, युवर सँडल्स, तू पर्समध्ये किल्ली शोधतेस ते पण. आय ओपन्ड द डोअर अँड यू वेअरन्ट देअर. मला वाटलं... मला वाटलं तू पण..." आणि ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. रडायला लागली, अहो. महिनाभराचं सगळं बाहेर आलं. इतकी उंच झालेली मुलगी माझ्या पदराचं टोक मुठीत धरून रडत होती.

माझ्या जिभेवर सगळं शास्त्र आलं होतं. घाबरलेलं मन, वाट बघणारा मेंदू, कुठल्या तरी दुसऱ्या सँडल्स. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण मला त्या वेळी फक्त एवढंच दिसलं की हा आवाज वाट बघणाऱ्यालाच ऐकू येतो. इतक्या वर्षांत जिला तो एकदाही आला नव्हता तिला तो आज आला. मी तुमच्याकडे तोंड करून दाराशी बसले होते, आणि माझ्या पाठीमागे, त्या बंद दाराआड, ही पोर रोज संध्याकाळी माझी वाट बघत होती. घरात बसून हरवलेली आई परत येईल ना, एवढंच मोजत होती. मला ते कळलंही नाही.

"आले होते," मी तिला म्हटलं. "तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. मीच होते."

तिने वर बघितलं. "रिअली?"

"खरंच. निघाले की मी आधी येते. घाबरायचं नाही, पाठोपाठ पोचतेच."

काल सकाळी मी हसनला फोन करून सांगितलं, परीक्षा झाली की विसा कॅन्सल करा, खलास. सईने ऐकलं, आणि दिवसभर तिच्या खोलीचं दार उघडं होतं. आज शुक्रवार आहे, तुमची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली आहेत. दर चार पानांनी रडू येतंय, त्यामुळे काम पुढे सरकत नाही.

आणि अहो, उद्यापासून संध्याकाळी मी दाराशी खुर्ची टाकून बसणार नाही. रागावू नका. शाळा सुटली की मला थेट घरी यायचं असतं, सई वाट बघते.